शिनाइ (सरावाची बांबूची तलवार) घ्यायची तर दुकानात जाऊन घ्या (तोक्यो, निशी-कासाईच्या आसपास)

मुलाला केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, क्लासला सोडता सोडता मीच अडकले. पहिल्या शिनाइ ऑनलाइन मागवल्या, दोन नगांचा सेट, स्वस्तात. दीड महिन्यात एकीची कामटी उभी चिरली. अशी शिनाइ घेऊन गेलं की सेन्सेई (गुरुजी) सरळ बाजूला बसवतात. कुसळ समोरच्याच्या मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतं, तिथे दयामाया नाही.

मग स्टेशनमागच्या गल्लीतलं दुकान गाठलं. आत आजोबा एकटेच. मी म्हटलं, "39 नंबर, बायकांची." (नियमाने किमान 440 ग्रॅम, पुरुषांची 510.) त्यांनी आधी माझा उजवा हात मागितला. शिनाइच्या मुठीचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवलं आणि म्हणाले, "आता धरा." पकड त्सुबाच्या (मुठीवरच्या गोल चकतीच्या) अगदी खाली यायला हवी. माझी दोन बोटं अलीकडेच संपली! म्हणजे इतके दिवस लांब मुठीची शिनाइ फिरवून वर खांद्याला बाम चोळत होते.

त्यांनी मुठीवर आखूड चामडं चढवलं, दोरी ताणली, नाकायुई (कामट्या एकत्र धरणारी चामड्याची पट्टी) नव्याने बांधली. वीसेक मिनिटं गेली, मजुरी शून्य. मूठ लंबगोल, कोबान म्हणतात तशी. दोरीची बाजू म्हणजे तलवारीची पाठ, तिच्या समोरची धार. लंबगोल मुठीत धार कुठे आहे ते न बघता हाताला कळतं. गोल मुठीत मला कधीच कळलं नव्हतं.

मागे सरकताना खाली ठेवलेल्या शिनाइला पाय लागला. सवयीने वाकून हात लावला, कपाळाला नेला. आजोबांनी काही विचारलं नाही, पण काचपेपरचा एक तुकडा पिशवीत फुकट टाकला.

रेटिंगमधला एक तारा कापलाय तो इथूनच घेतलेल्या केइकोगीसाठी (केंडोचा अंगरखा). खऱ्या निळीत रंगवलेली आहे, रंग सोडणारच, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला तोंडाने सांगायला काय जातं? आईने व्हिडिओ कॉलवर माझी निळी नखं पाहिली आणि "श्वास नीट लागतोय ना?" म्हणून घाबरली. बाथटबवरचा डाग अजून आहे.

शिनाइ साडेचार हजार येन. ऑनलाइनपेक्षा महाग, पण चार महिने झाले, कामट्या शाबूत आहेत. कार्ड चालत नाही, रोख न्या. बुधवारी बंद.