छोट्या बाथरूमची हाताने रंगवलेली भिंत: कुठले रंग टिकतात, कुठले नाहीत

हाताने रंगवलेली बाथरूमची भिंत बिघडते तेव्हा आधी चित्र जात नाही. खालचा हात, म्हणजे रंगाचा थर, भिंतीपासून सुटतो आणि चित्र त्या पोपड्यांबरोबर खाली येतं. म्हणून या परीक्षणात फुलापानांच्या ट्यूबांइतकंच लक्ष खालच्या डब्यांकडे दिलं आहे. प्रायमर, बेसचा रंग, चित्राचे रंग आणि वरचं पारदर्शक कोटिंग हे चार थर एकमेकांशी जुळले, तर गडद निळ्या भिंतीवरचं पिवळं फूल वर्षानुवर्षं तसंच राहतं. त्यातला एक चुकला, तर बाकीच्या तिघांवर केलेला खर्च वाया जातो.

आधी मापाचा हिशेब करू, कारण छोट्या जागेसाठी लोक हमखास जास्त रंग आणतात. बाथरूम १.५ मीटर बाय २.१ मीटर, उंची २.४ मीटर. सगळीकडे १.२ मीटरपर्यंत टाइल्स आणि शॉवरच्या कोपऱ्यात २.१ मीटरपर्यंत. दार-खिडकी वजा केल्यावर रंगवायला साधारण ६ चौरस मीटर भिंत आणि ३ चौरस मीटर छत उरतं. गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर एका लिटरमध्ये एक हात सुमारे १० चौरस मीटर होतो. म्हणजे बेसच्या दोन हातांना २ लिटर आणि प्रायमर १ लिटर. चित्राने भिंतीचा तिसरा हिस्सा व्यापला, तर पाच-सहा छटांच्या प्रत्येकी १०० मिलिलिटरच्या बाटल्या पुरून उरतात. पारदर्शक कोटिंगचा १ लिटरचा डबा दोन हातांना पुरतो. शॉवरचं पाणी थेट आदळतं ती भिंत मात्र टाइल्सचीच ठेवावी. गिलाव्यावरचा कुठलाही रंग रोजचा मारा सहन करण्यासाठी बनवलेला नसतो, डब्यावर काहीही छापलेलं असो.

बेसचा रंग

डिस्टेंपर बाथरूमसाठी नाहीच. ओला हात लागला की पावडर निघते. साधं मॅट इमल्शन दिसायला सर्वांत सुंदर, पण त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. वाफ आत मुरते, साबणाचे शिंतोडे डाग सोडतात आणि पुसायला गेलं की घासलेल्या जागी चकाकी येते.

जुन्या पद्धतीचा ऑइल पेंट पाणी चांगलं अडवतो, त्यामुळे अजूनही अनेक रंगारी तोच सुचवतात. त्याचे दोन दोष इथे नेमके नडतात. तेलाचा रंग उजेड नसलेल्या जागी पिवळा पडतो आणि छोट्या बाथरूमला एखादीच लहान खिडकी असते. पांढरा बेस वर्षभरात साईसारखा दिसू लागतो आणि त्यावरच्या निळ्या-गुलाबी छटा मळकट वाटतात. दुसरा दोष नव्या गिलाव्याचा. ताज्या सिमेंटमध्ये अल्कली भरपूर असते, ती तेलाशी मिळून अक्षरशः साबण तयार करते, आणि रंग चिकट होऊन सुटतो.

आमची पसंती पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक एनॅमलला किंवा बाथरूमसाठीच्या साटिन, म्हणजे मंद चकाकीच्या, इमल्शनला. पिवळं पडत नाही, वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, आणि मुख्य म्हणजे त्यावर चित्रकलेचे अॅक्रिलिक रंग उत्तम धरतात, कारण दोघांची जात एकच. चकाकी साटिनचीच घ्यावी. पूर्ण ग्लॉसवर ब्रश घसरतो, बारीक रेघ आकसून तुटक होते आणि भिंतीचा प्रत्येक खळगा दिव्याच्या उजेडात उठून दिसतो. डब्यावर बुरशीरोधक लिहिलेलं असेल तर चांगलंच, पण त्यातलं औषध बुरशी लांबवतं, थांबवत नाही. ती थांबवायची तर आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा निदान १५ ते २० मिनिटं चालू राहिला पाहिजे.

दोन घटकांचा (रंग आणि त्याला कडक करणारं हार्डनर) इपॉक्सी रंग फक्त टाइल्स रंगवायच्या असतील तरच घ्यावा. तो पकड घेतो, घट्ट होतो, साबणाला दाद देत नाही. पण प्रमाण डब्यावर सांगितलं तेवढंच ठेवावं लागतं. अंदाजाने हार्डनर जास्त घातलं म्हणून तो जास्त कडक होत नाही, उलट नरम किंवा ठिसूळ राहतो. कालवलेला रंग ठरावीक वेळेतच वापरता येतो, म्हणून एका वेळी एका भिंतीपुरताच कालवावा. उन्हाची तिरीप येते तिथे तो पिवळट होतो. टाइल्सवर साबणाचा आणि तेलाचा थर राहिला तर इपॉक्सीही सोलून निघतो. आधी डिटर्जंटने घासणं, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवणं आणि टाइल्ससाठीचं प्रायमर, यातलं काही टाळता येत नाही. सांध्यांमधलं सिलिकॉन रंगण्याआधी कापून काढावं आणि रंग वाळल्यावर नवं भरावं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, आणि त्याचा तेलकट अंश आजूबाजूला पसरला तर तिथेही रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

भिंत तयार आहे का

भिंतीत ओल असेल तर पुढचं सगळं थांबवावं. साधी परीक्षा: ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी टेपने बंद करावा आणि निदान १६ तास ठेवावा. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळवंडली, तर पाणी आतून येतंय. गळका पाइप किंवा वरच्या मजल्याची फरशी आधी बघावी. प्लास्टिक बाहेरून ओलं झालं तर ती फक्त खोलीतली वाफ, तिला पंखा पुरतो. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यावेत, आणि त्यानंतरही अल्कली सहन करणारं प्रायमरच लावावं. भिंतीवर पांढरे क्षार फुलले असतील तर ते कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने धुतले की ते विरघळून परत आत जातात आणि रंगाखालून पुन्हा वर येतात.

काळी बुरशी असेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून १० ते १५ मिनिटं ठेवावं, मग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्यावं. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा अमोनियाचं क्लीनर चुकूनही मिसळू नये, विषारी वायू निघतो. नुसती बुरशी खरवडून वर रंग मारला तर काही आठवड्यांत तेच ठिपके चित्रावर उमटतात.

पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी. अॅक्रिलिक पुट्टी घासायला सोपी, पण सततच्या वाफेत नरम पडते आणि मग पुट्टी, प्रायमर, रंग सगळं एकाच पापुद्र्यात उतरतं. बाथरूममध्ये रंग गेला अशी तक्रार येते तिथे पोपडा उलटून पाहावा. मागे पांढरी भुकटी चिकटलेली असेल तर दोष रंगाचा नाही, पुट्टीचा आहे. जुन्या रंगावर काम करायचं असेल तर ब्लेडने २ मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी कोरावी, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. चौकोन टेपबरोबर आले तर जुना रंग खरवडण्याला पर्याय नाही.

चित्राचे रंग

इथे डब्यावरच्या नावापेक्षा रंगद्रव्याचा कोड वाचावा, तो चांगल्या ट्यूबवर छापलेला असतो. भडक निळ्यासाठी थॅलो ब्लू, कोड पीबी १५, सर्वांत भरवशाचा: अल्कली, अॅसिड, उजेड, काहीही असो, ढळत नाही. प्रशियन ब्लू, पीबी २७, सिमेंटच्या भिंतीसाठी घेऊच नये. अल्कलीने तो विघटित होऊन तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन, पीबी २९, अल्कली उत्तम सोसतो पण अॅसिडपुढे हरतो. टाइल्स धुण्याच्या अॅसिडचे शिंतोडे त्यावर उडाले तर रंग पांढुरका होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्या द्रव्यातलं गंधक वायू होऊन निघतं. हिरव्यासाठी थॅलो ग्रीन, पीजी ७. मातकट लाल आणि पिवळ्यासाठी लोह ऑक्साइड, पीआर १०१ आणि पीवाय ४२, यांना काहीच होत नाही. गडद गुलाबी हवा असेल तर क्विनाक्रिडोन, पीआर १२२. फ्लुओरेसंट गुलाबी आणि केशरी दुकानात डोळ्यात भरतात, पण सर्वांत आधी तेच उडतात. पोस्टर कलर तर वाफेने ओघळतोच.

भडक पिवळा आणि लाल यांची झाकण्याची ताकद कमी असते. गडद बेसवर थेट पिवळं फूल काढलं तर चार हातांनंतरही ते हिरवट दिसतं. फुलाचा आकार आधी पांढऱ्याने दोन हात भरावा आणि मग पिवळे दोन हात द्यावेत.

रंग पातळ करताना पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आतच असावं. त्याहून जास्त झालं की रंग बांधणारं अॅक्रिलिक अपुरं पडतं आणि वाळलेली रेघ ओल्या फडक्याने पुसून निघते. जलरंगासारखी पारदर्शक छटा हवी असेल तर पाण्याऐवजी अॅक्रिलिक मीडियम घालावं. पैसे वाचवायला पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (छटा देणारा दाट रंगद्रव) घालून छटा बनवायच्या असतील तर फिक्या छटांपुरतंच ठीक. गडद छटेसाठी स्टेनर ओतत राहिलं तर त्यातला न वाळणारा द्रव भिंतीत अडकतो आणि रंग महिनोन्‌महिने चिकट राहतो.

ब्रश सिंथेटिक केसांचे घ्यावेत. नैसर्गिक केस पाणी शोषून फुलतात आणि कडा फाटते. मोठ्या भागाला २५ मिलिमीटरचा चपटा, पानांना गोल, वेलींना लांब केसांचा लायनर, बेसला ४ इंची रोलर, एवढा संच पुरे. आखणी खडूने किंवा पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलीने करावी. शिसपेन्सिल पिवळ्यातून डोकावते आणि मेणखडूवर रंग थेंबाथेंबाने आकसतो. सरळ पट्ट्यांसाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी बेसचाच रंग फिरवावा. टेपखाली झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि वरची नवी कड सुरीसारखी येते. टेप रंग किंचित ओला असतानाच, तिरकी ओढून काढावी.

नमुना मोठा ठेवावा. या खोलीत माणूस भिंतीपासून ६० ते ९० सेंटिमीटरवर उभा असतो, बारीक नक्षी तिथून नुसती गजबज वाटते. ३० ते ४० सेंटिमीटरची पानं खोलीला श्वास देतात. आरशात समोरची भिंत दुसऱ्यांदा दिसते, त्यामुळे सर्वांत भरगच्च चित्र आरशासमोर नको. छत पांढरं सोडण्याची सवय इथे मोडून पाहावी. भिंतीचाच गडद रंग छतावर चढवला की कोपरे विरतात आणि खोली खोक्यासारखी वाटत नाही. छटा निवडताना नमुन्याचा तुकडा बाथरूमच्याच दिव्याखाली पाहावा. २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात निळा मंदावतो, ४००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात खुलतो.

वरचं कोटिंग

सगळ्या भिंतीवर पारदर्शक कोटिंग लागतंच असं नाही. बेसिनमागे, नळाजवळ, हात लागतो त्या पट्ट्यात ते हवंच, पण छतावर नको. घ्यायचं तर पाण्यातलं पॉलियुरेथेन, साटिन. तेलातलं पिवळं पडतं आणि निळ्याचं हिरवं करतं. मॅट डब्यात चकाकी कमी करणारी सिलिकाची पूड तळाशी बसते. डबा हलवू नये, काठीने तळापासून ढवळावा. हलवल्याने बुडबुडे येतात, न ढवळल्याने पहिला हात चकचकीत आणि शेवटचा दुधाळ निघतो. गडद निळ्या-काळ्यावर मॅट कोटिंग जाड लागलं की भिंतीवर धुकं पसरल्यासारखं दिसतं, म्हणून हात पातळच द्यावेत. चित्र संपल्यावर निदान ४८ तास थांबून मगच सुरुवात करावी.

हात स्पर्शाला एक तासात वाळतो आणि तिथेच घाई होते. पहिली गरम आंघोळ ७२ तासांनंतर, घासून धुणं चार आठवड्यांनंतर. आधी वाफ लागली तर भिंतीवरून तपकिरी, चिकट ओघळ येतात. ते रंग कुजल्याचं लक्षण नाही. पाण्यातल्या रंगात मिसळलेली साबणासारखी द्रव्यं वर येतात, कोमट पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसलं की जातात. त्यावर घाबरून नवा हात मारू नये, ओघळ नव्या हातातूनही येतात.

प्रत्येक छटेचा थोडा रंग छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, कोड आणि मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवावा. हातांनी मिसळलेली छटा दुसऱ्यांदा तंतोतंत जुळत नाही, आणि नळ बदलताना प्लंबरच्या पान्याचा ओरखडा उठला की तीच बाटली लागते.