मॉडबस गेटवे : डबा चांगला, अर्थिंगचं तुमचं तुम्ही बघा

कुपवाड एमआयडीसीत बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथलं मेंटेनन्स माझ्याकडे. चेंबरचे टेंपरेचर कंट्रोलर आरएस-४८५ च्या (अनेक यंत्रं एकाच डेटा केबलवर जोडायची पद्धत) एका लाइनवर आहेत आणि मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलतात. त्यांचे आकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसावेत म्हणून मधला दुभाषा असा हा गेटवे घेतला. पॅनलमधल्या ३५ मिलिमीटरच्या रेलवर बसतो, २४ व्होल्ट डीसीवर चालतो.

सगळ्यात आवडलं ते टर्मिनल. अख्खं उपटून बाहेर निघतं. उजेडात फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) मारा, वायर आवळा, परत खोचा. आमचं पॅनल जिन्याखाली आहे, तिथं मान वाकडी करून स्क्रू शोधलेल्यालाच याचं मोल. सेटिंग ब्राउझरमधून होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तक्रार आहे ती सोबतच्या कागदाची. अर्थचा स्क्रू दाखवलाय, पण केबलची शील्ड (आतल्या वायरींभोवतीचं धातूचं वेष्टण) कुठं जोडायची याबद्दल अवाक्षर नाही. आमच्याकडे आधीच्या ठेकेदारानं ती दोन्ही टोकांना अर्थ करून ठेवलेली. मशिनरूमचा अर्थिंगचा खड्डा वेगळा, ऑफिसचा वेगळा; दोन्हींत फरक पडला की करंट शील्डमधूनच फिरणार. वर ही केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला खेटून एकाच ट्रेत. कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडे गायब, थांबला की हजर! शेठ म्हणाले, "डबाच खराब दिसतोय, परत पाठवा." डब्याचा काय दोष? मशिनरूमकडचं शील्डचं टोक सोडवून टेप मारली, केबल वेगळ्या ट्रेत घेतली, आकडे स्थिर झाले. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, असं मॉडबसच्या स्पेसिफिकेशनमध्येही आहे.

गेटवेचा अर्थ पॅनलच्या अर्थ बारला आखूड हिरव्या-पिवळ्या वायरनं द्या. बार नसेल आणि लग (वायरच्या टोकाची धातूची चकती) थेट पत्र्यावर आवळणार असाल, तर आधी तिथला रंग खरवडा. रंगावर बसलेला लग नुसता दिसायला अर्थ.

१२० ओमचं टर्मिनेशन (लाइनच्या टोकाला लागणारा रेझिस्टर) आत आहे, छोट्या स्विचनं चालू होतं. गेटवे लाइनच्या टोकाला असेल तरच चालू करा, मधे असेल तर नको. सप्लाय बंद करून ए-बी मध्ये (लाइनच्या दोन डेटा वायरींत) ओमवर मीटर लावा: ६० च्या आसपास आलं तर दोन्ही टोकं ठीक, १२० आलं तर एक राहिलंय, ४० आलं तर कुणीतरी हौसेनं तिसरा रेझिस्टर ठोकलाय. ए आणि बी ची नावं कंपनीगणिक उलटी असतात. उलटं जोडलं तर काही जळत नाही, फक्त बोलणं होत नाही. तिसरी, कॉमनची वायर मात्र ओढाच. पुष्कळजण तिलाच कात्री लावतात.

आमचा गेटवे आयसोलेशनवाला (लाइन आणि आतलं सर्किट विजेच्या दृष्टीनं वेगळं ठेवणारा) आहे. वळवाच्या कडकडाटात साधे कन्व्हर्टर गेलेले आसपास पाहिलेत, हा अजून टिकून आहे. बिनआयसोलेशनचं मॉडेल अगदी अशाच डब्यात स्वस्त मिळतं, तेव्हा ऑर्डर देताना मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर नीट बघून घ्या.