जुन्या गाडीचा ईसीयू बदलायचा तर कोणता घ्यावा? पाच पर्यायांचा आढावा

जुन्या गाडीचे इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ईसीयू, बदलायची वेळ आली की ग्राहकापुढे साधारणपणे पाच पर्याय असतात: कंपनीचा कोरा ईसीयू, जुना परत घेऊन त्याच्या बदल्यात दिला जाणारा पुनर्बांधणी केलेला, भंगारातल्या गाडीतून काढलेला, स्वतःचाच दुरुस्त करून घेतलेला, आणि मूळ कंपनीशी संबंध नसलेला स्वतंत्र ईसीयू. माझे मत आधीच नोंदवतो. 1990 ते 2005 या काळातल्या बहुतेक गाड्यांसाठी स्वतःचाच ईसीयू चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घेणे ही माझी पहिली पसंती आहे. ते शक्य नसेल तर त्याच क्रमांकाचा वापरलेला ईसीयू घेऊन त्यात आपल्या ईसीयूतली माहिती उतरवून घेणे ही दुसरी. जाहिरातींत सर्वांत ठळक दिसणारा ‘लावा आणि चालवा’ प्रकारचा तयार ईसीयू माझ्या क्रमवारीत बराच खाली येतो.

पण यांपैकी काहीही मागवण्याआधी ईसीयू खरोखरच गेला आहे का, हे ठरवावे लागते, आणि बाजारातल्या बहुतेक सेवा नेमक्या याच ठिकाणी ग्राहकाला वाऱ्यावर सोडतात. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नाही आणि स्कॅनरला ईसीयू प्रतिसाद देत नाही, एवढ्यावर निदान संपवणे घाईचे आहे, कारण ईसीयूला वीज जोडणारा मेन रिले निकामी झाला, फ्यूज उडाला किंवा इंजिनाच्या अर्थची तार गंजली तरी लक्षणे हुबेहूब हीच दिसतात. ईसीयूच्या सॉकेटवर कायमचा बारा व्होल्टचा पुरवठा, चावीचा पुरवठा आणि अर्थ या तिन्ही गोष्टी स्टार्टर मारत असताना, म्हणजे भाराखाली, मोजायला हव्यात. त्या वेळी ईसीयूच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली, तर आधी तार दुरुस्त करावी. दुसरी हमखास फसगत पाच व्होल्टच्या संदर्भ पुरवठ्यामुळे होते. ईसीयू थ्रॉटल, दाब वगैरेंच्या सेन्सरना एकाच मार्गाने पाच व्होल्ट देत असेल आणि त्यांतला एक आतून शॉर्ट झाला, तर तो सगळा पुरवठा खाली ओढतो आणि चांगला ईसीयूही मृतवत वाटतो. सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढत गेल्यावर पाच व्होल्ट परत आले, तर दोषी सापडला आणि खर्चही वाचला.

खरोखर गेलेला ईसीयू का गेला, हा प्रश्न नवा निवडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. वय हे एक कारण, त्याबद्दल पुढे. दुसरे कारण बाहेरचे असते. इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, नियंत्रित करणारी मोटर आतून शॉर्ट झाली की तिला चालवणारा ईसीयूतला ट्रान्झिस्टर जळतो, आणि ती कॉइल तशीच ठेवून नवा ईसीयू लावला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून प्रत्येक कॉइल, इंजेक्टर आणि मोटर यांचा रोध मोजून तो गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या आकड्याशी पडताळावा. जास्त रोधाचे इंजेक्टर साधारण 12 ते 16 ओमचे असतात आणि कमी रोधाचे 2 ते 3 ओमचे. पहिल्या प्रकारासाठी बनवलेल्या ईसीयूला कोणी दुसऱ्या प्रकारचे इंजेक्टर जोडले असतील, तर बिघाडाचे उत्तर तिथेच मिळते. बदली ईसीयू विकणाऱ्याने “कॉइल तपासल्या का?” असे आपणहून विचारले, तर त्याच्याबद्दलचा माझा आदर लगेच वाढतो. असे विचारणारे थोडेच भेटतात.

निवड करताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष यांवर विसंबू नये. ईसीयूच्या लेबलवरचा संपूर्ण क्रमांक हाच आधार. एकाच वर्षाच्या, एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांत ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी, एसी असण्या-नसण्यानुसार किंवा प्रदूषणाच्या वेगळ्या नियमांसाठी वेगळे ईसीयू असू शकतात, आणि सॉकेट मात्र तंतोतंत एकाच मापाचे असते. बॉशच्या ईसीयूवर हार्डवेअरचा दहा अंकी क्रमांक असतो, जो पेट्रोलसाठी 0 261 ने आणि डिझेलसाठी 0 281 ने सुरू होतो. आतल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक वेगळा असतो आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचा सुट्या भागाचा क्रमांक तिसराच. हार्डवेअरचा क्रमांक जुळला तरी सॉफ्टवेअर वेगळे असल्यास गाडी चालू होईल, पण आयडल वरखाली होईल, पेट्रोल जास्त जाळेल किंवा गिअर झटक्याने पडतील. विक्रेत्याने केवळ मॉडेल विचारून “हो, बसेल” असे सांगितले तर तिथून निघावे. बसणे आणि चालणे यांत फार अंतर आहे.

यापुढचा अडसर इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचा. युरोपीय संघात ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला आणि इतरत्रही त्याच सुमारास रूढ होत गेला. चावीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, आणि ही ओळख बहुधा ईसीयूतल्या आठ पायांच्या एका लहानशा मेमरी चिपमध्ये साठवलेली असते. त्यामुळे भंगारातून आणलेला, क्रमांक अगदी जुळणारा ईसीयूही आपल्या गाडीत एक-दोन सेकंद इंजिन चालवून बंद पडतो किंवा मुळीच चालू होऊ देत नाही. त्याआधीच्या पिढीत ही कटकट नव्हती. 1990 च्या आसपासच्या अनेक ईसीयूंमध्ये गाडीचे सगळे आकडे सॉकेटमध्ये बसवलेल्या एका ईप्रॉम चिपवर असत, आणि जुन्या पेटीतली चिप उचलून नव्या पेटीत बसवली की काम भागत असे. त्या चिपच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल मात्र कोणी कुतूहलाने खरवडू नये, कारण अतिनील प्रकाशाने आतली माहिती पुसली जाते.

कंपनीच्या कोऱ्या ईसीयूबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मिळत असेल, परवडत असेल आणि अधिकृत केंद्राकडे तो त्या गाडीसाठी प्रोग्राम करण्याची साधने अजून शाबूत असतील, तर त्यात खोट काढायला जागा नाही. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत या तीन अटी एकत्र क्वचितच पूर्ण होतात, आणि वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला ‘नवा’ ईसीयू आतल्या कॅपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या आणि वयाने खराब होणाऱ्या सुट्या भागांच्या, दृष्टीने नवा उरतोच असे नाही. पुनर्बांधणी केलेला ईसीयू हा प्रकार ऐकायला आश्वासक आहे. आपला जुना परत पाठवायचा, अनामत सोडवून घ्यायची आणि हमीसह तयार वस्तू मिळवायची. अडचण अशी की ‘पुनर्बांधणी’ या शब्दाखाली सगळे कॅपॅसिटर बदलून, तापवून, भाराखाली तपासलेला ईसीयूही विकला जातो आणि केवळ डबा पुसून नवे लेबल चिकटवलेलाही. शिवाय जुना एकदा परत पाठवला की त्यातली आपल्या गाडीची मूळ माहिती हातची गेली. म्हणून हा मार्ग निवडलाच, तर नवा ईसीयू गाडीत सर्व परिस्थितींत नीट चालल्याशिवाय जुना परत करू नये आणि परतीची मुदत आधीच लेखी घ्यावी.

भंगारातला ईसीयू लोकांना वाटतो तितका कमी प्रतीचा नाही, फक्त तो एकट्याने पुरत नाही. अपघातात चेपलेल्या गाडीतून काढलेला ईसीयू बहुधा चालू अवस्थेतला असतो. पाण्यात बुडालेल्या गाडीतला मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नये. सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे, लेबलाखाली ओलाव्याचा डाग, यांपैकी काहीही दिसले तर तो बाजूला ठेवावा. चांगला मिळाल्यावर आपल्या जुन्या ईसीयूतली मुख्य मेमरी आणि इमोबिलायझरची मेमरी वाचून ती त्यात लिहिली, की गाडीच्या दृष्टीने तो मूळचाच होतो. या कामाला क्लोनिंग म्हणतात. ते करणाऱ्या सेवा आता पुष्कळ आहेत, आणि आपल्या ईसीयूचा प्रोसेसर व मेमरी वाचण्याइतपत शाबूत असतील तर निकाल चोख येतो. वाचलेल्या माहितीची फाइल आपल्यालाही द्यावी, अशी अट घालावी. ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला मी काम देत नाही.

आता दुरुस्तीबद्दल, कारण माझे झुकते माप तिथेच आहे. 1990 च्या दशकातल्या ईसीयूंचा नेहमीचा शत्रू म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. पहिल्या पिढीच्या मित्सुबिशी एक्लिप्सचे ईसीयू यासाठी कुप्रसिद्ध आहेत. अशा ईसीयूचे झाकण उघडले की पुष्कळदा डोळ्यांआधी नाकाला कळते: मासळीसारखा उग्र वास येतो, कॅपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ दिसतो, आणि त्याखालची तांब्याची वाट काळपट पडून जागोजागी तुटलेली असते. हा द्रव जितके दिवस तिथे राहील तितकी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, खात जातो, त्यामुळे लक्षणे दिसू लागल्यावर काम लांबणीवर टाकणे महागात पडते. केवळ जुना कॅपॅसिटर काढून नवा बसवणे ही निम्मी दुरुस्ती झाली. गळलेला द्रव निर्जल अल्कोहोलने धुऊन काढणे, खाल्लेल्या वाटा बारीक तारेने जोडणे, पाटीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी छिद्रे तपासणे आणि शेवटी ओलावारोधक लेप परत देणे, एवढे सगळे झाले तरच ती टिकते. नवे कॅपॅसिटर 105 अंश सेल्सिअसचे मागावेत, 85 अंशांचे नव्हे. अशा कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, आणि इंजिनाजवळच्या बंद डब्यात तापमानाला तोटा नसतो.

दुसरा नेहमीचा दोष डाख तडकण्याचा. गाडी थंड असताना ठीक चालते, तासाभराने मिसिंग करू लागते, थांबवून थंड केली की पुन्हा ठीक. असा ईसीयू केवळ टेबलावर पाच मिनिटे चालवून ‘ओके’ ठरवणारी सेवा काही कामाची नाही. चांगला कारागीर ईसीयूला क्रँक सेन्सरचा कृत्रिम संकेत देतो. अनेक गाड्यांत या सेन्सरसमोर फिरणारे दातेरी चक्र साठ दात्यांतले दोन गाळलेले, म्हणजे 58 दात्यांचे असते, आणि त्या गाळलेल्या जागेवरून ईसीयूला इंजिनाची स्थिती कळते. हा संकेत चालू असताना प्रत्येक इंजेक्टर व कॉइलच्या वाटेवर प्रत्यक्ष भार जोडून, पाटी गरम हवेने तापवत आणि मग गार करत, सगळे स्पंद नियमित येतात का हे ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे संकेत आलेखात दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिले जाते. एका सेवेने मला दुरुस्तीसोबत हेच आलेख कागदावर छापून दिले होते, तापवण्याआधीचे आणि तापवल्यानंतरचे, शिवाय काढलेले सुटे भाग एका पुडीत. त्या कागदाला मी हमीपत्रापेक्षा जास्त किंमत देतो. दुरुस्तीची मर्यादाही सांगायला हवी: नंतरच्या काळात थेट इंजिनावर बसवले जाणारे काही ईसीयू सिरॅमिक पाटीवर, केसासारख्या तारांनी जोडलेले आणि जेलने भरलेले असतात. तिथे नेहमीच्या डाखकामाचे काही चालत नाही, आणि मग क्लोनिंगकडेच वळावे लागते.

स्वतंत्र ईसीयू हा शौकिनांचा पर्याय आहे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी 2001 मध्ये पुढे आणलेल्या मेगास्क्वर्ट या स्वतः जुळवायच्या ईसीयूमुळे तो सामान्य माणसाच्या आवाक्यात आला, आणि इंजिनात मोठे फेरफार केले असतील तर त्याला तोड नाही. परंतु फक्त मूळ गाडी पूर्ववत चालावी एवढीच अपेक्षा असलेल्या माणसाने तो घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. थंडीत पहिल्या चावीला चालू होणे, एसी लावल्यावर आयडल सावरणे, उंच घाटात मिश्रण बदलणे, ही कामे मूळ ईसीयूत कंपनीच्या अभियंत्यांनी दीर्घ चाचण्यांनी बसवलेली असतात; इथे ती सगळी डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच चालवून इंजिन तपासणाऱ्या यंत्रावर, आणि रस्त्यावर स्वतः बसवावी लागतात. अमेरिकेत 1996 पासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना 2001 पासून ओबीडी, म्हणजे गाडीतच असलेली दोष ओळखून नोंदवणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. ज्या ठिकाणी प्रदूषण तपासणीत ओबीडीची जोडणी वाचली जाते, तिथे त्या गाड्यांवर स्वतंत्र ईसीयू लावला की तपासणीचा प्रश्न उभा राहतोच.

कोणत्याही मार्गाने आलेला ईसीयू बसवताना बॅटरीची तार आधी काढावी आणि पिनांना बोटे लावू नयेत. बसवल्यावर पहिले काही दिवस आयडल थोडे अस्थिर राहिले तर लगेच विक्रेत्याला दूषण देऊ नये, कारण शिकलेली मूल्ये पुसली गेलेली असतात आणि ती पुन्हा जमायला वेगवेगळ्या वेगांनी गाडी चालवावी लागते. काही गाड्यांत थ्रॉटलची जुळवणी स्कॅनरनेच करावी लागते. ओबीडीच्या गाड्यांत तपासणीसाठी लागणारी स्वयंपरीक्षणेही या काळात अपूर्ण दिसतात, तेव्हा प्रदूषण तपासणीची तारीख जवळ असेल तर ईसीयूचे काम त्याच्या पुरेसे आधी करून घ्यावे.