वाय-फाय रेडिओ : नाटक, भाषणं आणि ऑपेरा, सांगलीतून ऐकताना

निकाल आधीच सांगून टाकतो. नुसती भाषणं आणि मुलाखती ऐकायच्या असतील तर वाय-फाय रेडिओ, म्हणजे घरच्या इंटरनेटवरून केंद्रं लावणारा वेगळा संच, घेऊ नका, मोबाईल पुरे. नाटक आणि ऑपेरासाठी मात्र जरूर घ्या. दीड ते अडीच तास एका जागी ऐकायची गोष्ट मोबाईलवर लागत नाही. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात बँकेचा मेसेज टुणकन वाजतो आणि ‘स्वयंवर’ नाटकातली रुक्मिणी गप्प होते.

मी पावसाळ्यात घेतला. विश्रामबागेतल्या घरी दिवाणखान्यात ठेवलाय. कंपनी कुठली हे महत्त्वाचं नाही, पण दोन गोष्टी दुकानातच विचारून घ्या. माझा संच फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतो, ५ चं नाही, हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं. आणि आत बॅटरी नाही. लाईट गेली की राऊटर इन्व्हर्टरवर चालू आणि रेडिओ बंद, अशी गंमत होते. पासवर्ड बटण फिरवत एकेक अक्षर शोधून टाकावा लागतो, तेवढा वेळ देवाचं नाव घ्या. डेटाची काळजी नको: १२८ केबीपीएसचं प्रसारण तासाला साठ एमबीच्या आतच खातं.

यात मध्यम लहरी नाहीत. त्यामुळे आपलं सांगली केंद्र, १२५१ किलोहर्ट्झ, अजूनही जुन्या ट्रान्झिस्टरवर लावतो. एलईडी दिवा जवळ असला की खरखर होते, पण संध्याकाळचं भाषण ऐकायला तेवढं चालतं. आकाशवाणीची इतर केंद्रं इंटरनेटवरून या संचावर स्वच्छ लागतात.

संगीत नाटकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आम्ही सांगलीकर त्या बाबतीत जरा नाक वर करूनच बोलतो. खाडिलकर इथले, देवल शेजारच्या हरिपूरचे. रेडिओवर येतं ते रात्रभर चालणाऱ्या नाटकाचं तास-दीड तासाचं रूप. पदं कापली जातात, आणि ‘स्वयंवर’सारख्या नाटकात, जिथे भास्करबुवा बखल्यांच्या चाली हेच अर्धं नाटक, ते जाणवतं. पण संवाद! चांगल्या ध्वनिमुद्रणात नट माईकपाशी इतका हळू बोलतो, की नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी लावलेला वरचा सूर गळून पडतो. देवलांचं गद्य असं ऐकावं.

ऑपेराला मी बिचकत होतो. भाषा इटालियन, निवेदन जर्मन किंवा इंग्रजी. सुरुवातीला सगळ्या बायका एकसारख्याच किंचाळतायत असं वाटायचं. आपला कान पदाच्या विस्ताराची वाट बघतो. तिथे गायक थांबून आलाप घेत नाही. रचनाकारानं लिहिलेला सूर, लिहिलेल्या मात्रेला. हे एकदा मनाला पटलं की मग आवाजाचा पोत ऐकू यायला लागतो. खरी मदत झाली ती निवेदकाची. अंक सुरू होण्याआधी तो कथानक सांगतो, मध्यंतरात जाणकार बोलतात. आपल्याकडे नाटकाआधी अशी पाच मिनिटं कुणी दिली तर नवा श्रोता टिकेल, असं माझं स्पष्ट मत.

पहिला मनापासून आवडला तो इटालियन रचनाकार दोनिझेत्तीचा ‘डॉन पास्क्वाले’. पैसेवाला म्हातारा तरुण मुलीशी लग्न करायला निघतो. म्हटलं, हा तर आपला भुजंगनाथ! फक्त देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) बाप मुलगी विकतो आणि जीव कासावीस होतो, इथे लग्नच बनावट असतं आणि नवी नवरी म्हाताऱ्याला असं छळते की तोच सुटका मागतो. हा ऑपेरा पॅरिसला पहिल्यांदा झाला जानेवारी १८४३ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात विष्णुदास भाव्यांनी सांगलीत संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांपुढे ‘सीतास्वयंवर’ केलं. हा योग लक्षात आल्यापासून मी दोन्हीकडचं आलटून पालटून ऐकतोय. ‘डॉन पास्क्वाले’च्या तिसऱ्या अंकातलं दोन पुरुषांचं भरधाव द्वंद्वगीत तर शब्द कळले नाहीत तरी हसवतं.

अडचण वेळेची. युरोपातला साडेसातचा प्रयोग थेट ऐकायचा तर हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे बारा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात, मग अकरा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं शनिवार दुपारचं प्रसारण, जे १९३१ पासून चालू आहे, थंडीत आपल्याकडे साडेअकराला सुरू होतं. अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधी बदलतात, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे हिशेब चुकतो. दुसऱ्या दिवशी रविवार असल्यानं शनिवारचं निभतं. मधल्या वारी मी पहिला अंक ऐकून बंद करतो, बायकोच्या भाषेत ‘तिकीट फुकट घालवतो’.

हेडफोनची जागा मागच्या बाजूला आहे, भिंतीला टेकवून ठेवलात तर वायर घालता येत नाही. घेताना तेही बघा.