जमिनीच्या उष्णतेवरचा हीट पंप: लॉजला परवडेल, घराला नाही

हा पंप जमिनीतली उष्णता ओढून पाणी तापवतो. ‘जिओथर्मल’ या नावाने भुलू नका, यातून वीज तयार होत नाही. त्यासाठी लडाखच्या पुगासारखं जमिनीतून उकळतं पाणी यावं लागतं. बेळगाव-खानापूर भागात शंभरेक मीटरवर मिळतात ते वर्षभर साधारण २५ अंश. तेवढ्यावर पंप मात्र छान चालतो. २०२५च्या राष्ट्रीय भूऔष्णिक धोरणात असे पंपही धरलेत आणि विक्रेते ते आवर्जून दाखवतात. धोरणात नाव आलं म्हणजे खात्यात अनुदान जमा झालं, असं नव्हे.

यंत्र: ५ पैकी ४. लॉजचं दोन हजार लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला गिझर ७० युनिट खातो, हा पंप २० च्या आसपास. १० किलोवॅटचं यंत्र हे काम सात तासांत उरकतं.

बोअरचं काम: ५ पैकी २. खरी गोची इथेच. या यंत्राला २८० फुटांचे दोन बोअर लागतात, मधे किमान २० फूट अंतर. बोअरवाले सवयीने साडेसहा इंची मारतात. जमिनीतली उष्णता आणणारं पाणी फिरवायला बोअरमध्ये ३२ मिमीचा यू आकाराचा पाइप सोडतात, त्याला साडेचार इंची पुरतो. उष्णता पाइपपर्यंत पोहोचायला पाइपभोवतीची जागा भरावी लागते, आणि मोठ्या बोअरला या भरावाचा माल दुप्पट लागतो. मग तो वाचवायला बोअरमधून निघालेली भुकटीच वरून ओततात. ती मधेच अडकते, खाली पोकळी राहते. पावसाळ्यात पोकळीत पाणी असतं म्हणून पंप उत्तम चालतो. एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की पाइपभोवती नुसती हवा उरते आणि दोष यंत्रावर येतो. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आणि वाळूचा लगदा तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, खालून वर भरून घ्या. त्याआधी पाइप ६ बार दाबावर तासभर ठेवायला लावा, कारण भराव झाल्यावर गळती सापडली तर तो बोअर गेला. वरच्या जांभ्यात केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप, हवंच.

सुरू झाल्यावर फ्लो स्विच (प्रवाह कमी झाला की यंत्र थांबवणारा) सारखा ट्रिप होत असेल तर बहुतेक वेळा जमिनीतल्या पाइपांच्या लूपमध्ये हवा असते. प्रवाह मिनिटाला २२-२३ लिटर आणि जाण्या-येण्याच्या पाण्यात ४-५ अंशांचा फरक हवा. दोन्ही पाइपांवर थर्मामीटर बसवून घ्या, कोटेशनमध्ये ते हमखास गाळलेले असतात.

चार माणसांच्या घरासाठी बोअरचा खर्च निघणार नाही. तिथे हवेतून उष्णता घेणारा पंप घ्या. डिसेंबरातली बेळगावची पहाटही त्याला जड जात नाही.