कामाची सुरी: कमानपाट्याची की मोरा कंपनीची?

बाजारात लोहाराकडे ट्रकच्या कमानपाट्याची (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) सुरी घ्यायची, तर आधी पाठ, म्हणजे धारेच्या उलट बाजूची कड, बघा. पाटा मुळात जाड असतो. तो झिजवून पाठ ३ मिमीच्या आसपास आणली नसेल तर संत्र्याची फांदी कापली जात नाही, चिरडते. मग कानस धारेवर हलकी ओढा. घसरली तर पाणी (तापवून विझवून आणलेला कडकपणा) बरोबर बसलंय, चावली तर पातं नरम, धार दोन दिवसांत जाईल. आणि नुसतं पाणी देऊन परत हलका ताव दिला नसेल, म्हणजे थोडं तापवून ठिसूळपणा घालवला नसेल, तर धारेचे कपचे उडतात. हे लोहाराला सरळ विचारावं. मूठ धावड्याची, पातं मुठीच्या टोकापर्यंत आणि किमान दोन रिबिटा असाव्यात.

स्वीडनच्या मोरा कंपनीची कम्पॅनियन ही सुरी वेगळी. पातं साधारण १०४ मिमी, जाडी २ ते २.५ मिमी, धारेचा उतार सपाट आणि रुंद. तो उतार दगडावर पूर्ण टेकवून घासला की कोन आपोआप साधतो. नवशिक्याला याहून सोपी सुरी नाही. पण पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही, म्हणून बांबू फोडताना पाठीवर ठोकू नका.

संत्र्याच्या आंबट रसानं कार्बन पोलाद (स्टेनलेस नसलेलं) काळं पडतं. तो डाग चालतो, लाल गंज नाही. पुसून खोबरेलाचं बोट फिरवा. जवसाचं तेल वाळून चिकट थर धरतं. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या म्यानात ठेवूच नका. संग्रहातलीही.

रोजच्या कामाला मोरा, जपून ठेवायला लोहाराची.