इलारिस: वर्षभरानंतर

इलारिस (कॅनाकिनुमॅब) हे इंजेक्शन सुरू करून वर्ष होत आलं, म्हणून लिहितो. मला मकल-वेल्स सिंड्रोम आहे. एनएलआरपी३ जनुकातल्या बिघाडामुळे शरीर इंटरल्युकिन-१ बीटा हे ताप-सूज आणणारं प्रथिन नको इतकं बनवत राहतं. इलारिस त्यालाच अडवतं. संध्याकाळ झाली की कणकण, अंगभर गांधी, लाल डोळे, आखडलेले गुडघे. घरी सगळे त्याला पित्तच म्हणायचे. आमसुलं चोळण्यात बालपण गेलं. बाबांनाही तेच, वर चाळिशीतच ऐकू येईनासं झालेलं. माझं निदान लंडनला आल्यावर जनुकतपासणीत झालं.

आधी अनाकिनरा हे दुसरं इंजेक्शन होतं. गुण लगेच आला, पण ते रोज टोचायचं आणि टोचल्या जागी अशी आग व्हायची की बर्फ धरून बसावं लागे. इलारिसचा मला तितकाच गुण आहे आणि डोस दर ८ आठवड्यांनी एकच, १५० मिलिग्रॅम. बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, जाड सुईने औषध ओढायचं, मग बारीक सुई लावून मांडीत टोचायचं. थंडगार टोचलंत तर झोंबतं. पुण्याला जायचं असेल तर मी डोस घेऊनच निघतो. विमानात बर्फाची पिशवी सांभाळण्याची कटकट नको.

सातव्या आठवड्यात मात्र डोळे चुरचुरायला लागतात. डॉक्टरांनी रक्तातलं एसएए (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) तपासलं, ते ठीक निघालं, त्यामुळे अंतर तेच ठेवलं. ही तपासणी टाळू नका. एसएए वर्षानुवर्षं चढं राहिलं तर मूत्रपिंडात त्याचाच साका, अमायलॉइड, साचतो आणि तोवर दुखत काहीच नाही.

माझ्या कानाचं म्हणाल तर गेलेलं ऐकू येणं परत आलेलं नाही. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) वर्षभर आहे तिथेच आहे आणि मी त्यालाच यश म्हणतो. औषधाने प्रतिकारशक्ती थोडी दबते, त्यामुळे सर्दी झाली की लांबते. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, आपल्याकडच्या लोकांनी ती मनावर घ्यावी. जिवंत जंतूंच्या लसी बंद. भारतात येताना टायफॉइडची तोंडाने घ्यायची लस नको, इंजेक्शनवाली चालते.

खरा वैताग औषध घरपोच आणणाऱ्या कंपनीचा. इथे एका बाटलीची छापील किंमत सुमारे १० हजार पौंड, खर्च एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा), आणि यांचा माणूस शीतपेटी शेजाऱ्याच्या दारात ठेवून पसार! आता तारीख ठरली की मी ऑफिसला घरूनच काम करणार असं कळवून टाकतो.